हरवलेल्यांचा शोध : जालन्याच्या बेथेलपासून केडगावच्या मुक्तीपर्यंत

सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावावरून घाट उतरून फर्दापूरकडे गेलं, की ज्या लेण्यांसाठी सारं जग या भागात येतं ती लागतात. ही लेणी मुळात एका प्रश्नापायी कोरली गेली आहेत : माणसाची दुःखातून सुटका कशी होते? जवळच छत्रपती संभाजीनगरच्या लेण्यांमध्ये सातव्या क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे. आग, तलवार, बेड्या, बुडती नौका, सिंह, साप, हत्ती अशा संकटांत सापडलेली माणसं त्याचा धावा करताना तिथे दिसतात. दक्षिणेला पैठण आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं, ही गोष्ट मराठवाड्यातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. तारणारा कोण आणि तो कुणासाठी धावतो, हे इथल्या मातीला नवं नाही.

याच मुलखात एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आलं. सिल्लोडहून भोकरदनमार्गे जालन्याला गेलं, की त्या शहराजवळ बेथेल नावाची वस्ती होती. निजामाच्या राज्यात, दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर नारायण शेषाद्री या मराठी पाद्रींनी ती वसवली. तिथे राहायला आलेली बहुतेक कुटुंबं मातंग आणि महार समाजातली होती. गावकुसाबाहेर जन्म काढलेल्या या माणसांना शेषाद्री सांगत होते की देव तुम्हाला शोधत आला आहे. ‘हरवलेला’ आणि ‘तारण’ हे दोन शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडी सतत येतात. त्यांचा अर्थ समजून घ्यायचा तर सुरुवात या ‘शोधत आला’पासून करावी लागते.

बायबलच्या नव्या करारात लूकचं शुभवर्तमान आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात येशू लागोपाठ तीन गोष्टी सांगतो. त्या सांगण्याला एक निमित्त घडलेलं असतं. जकातदार आणि पापी म्हणून हिणवलेली माणसं येशूभोवती जमत, तो त्यांच्या पंगतीला बसे आणि धर्मशास्त्राचे जाणकार त्यावर नाक मुरडत. तेव्हा येशू सांगतो : शंभर मेंढरांतलं एक चुकलं, तर मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकामागे जातो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. दहा नाण्यांतलं एक हरवलं, तर बाई दिवा लावून सगळं घर झाडून काढते. तिसरी गोष्ट मोठी आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, परदेशी जाऊन पैसा उधळतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते, तेव्हा घराकडे वळतो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि त्याचं क्षमेचं पाठ केलेलं बोलणं पुरं होण्याआधीच नवी वस्त्रं आणि मेजवानी मागवतो.

या तिन्ही गोष्टींत शोधणाऱ्याच्या जिवाची तगमग सारखीच आहे. हरवणं म्हणजे आधी कुणाचं तरी असणं. ज्याचं कुणी नाही त्याला हरवलेला म्हणत नाहीत. ख्रिस्ती माणूस एखाद्याला ‘हरवलेला’ म्हणतो ते ऐकणाऱ्याला शिवीसारखं लागतं, आणि काही प्रचारकांनी तो शब्द तसा वापरलाही आहे. मूळ गोष्टीत मात्र हरवलेल्याची किंमत एवढी मोठी आहे, की मालक सगळी कामं टाकून त्याच्यामागे निघतो.

पण माणूस हरवला कशाने? ख्रिस्ती उत्तर आहे, पापाने. खोटं, चोरी, व्यभिचार ही पापं झालीच. त्यांच्या मुळाशी मात्र देवापासून तुटून स्वतःच्याच भोवती फिरणारं मन आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकातली आदाम आणि हव्वेची कथा हेच सांगते. आज्ञा मोडल्यावर ती दोघं झाडांत लपतात आणि देव हाक मारत येतो, तू कुठे आहेस? आठवडी बाजारात आईचा हात सुटलेलं पोर काही वेळ खेळण्यांच्या दुकानापुढे आनंदात असतं. आपण हरवलो आहोत हे त्याला ठाऊक नसतं, आईला ठाऊक असतं. ख्रिस्ती धर्माच्या मते बहुतेक माणसांची दशा अशीच असते.

इथे भारतीय परंपरेशी फरक दिसतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कर्माच्या सिद्धांतात ज्याने त्याने आपलं फेडायचं असतं. बुद्ध मार्ग दाखवतो, चालावं आपल्यालाच लागतं. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की माणसाला स्वतःच्या बळावर या खड्ड्यातून वर येता येत नाही, म्हणून देव स्वतः येशूच्या रूपाने खाली उतरला, वधस्तंभावर माणसाच्या पापाचा भार त्याने घेतला आणि तिसऱ्या दिवशी तो मरणातून उठला. हे दान आहे, कमाई नाही. त्यालाच कृपा म्हणतात. माणसाकडून पश्चात्ताप आणि विश्वास एवढंच मागितलं जातं. भक्तिपरंपरेत वाढलेल्या मराठी मनाला हे अगदीच परकं वाटलं नाही, याचंही कारण उघड आहे. विठ्ठलाला पतितपावन म्हणून हाक मारणाऱ्याला कृपेची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. ख्रिस्ती धर्माची ही सगळी कथा मराठीत सांगण्याचा मोठा प्रयत्न बेथेलच्या अडीच शतकं आधीच झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि आदामाच्या पतनापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यांनी ओवीबद्ध केली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं.

नारायण शेषाद्री यांच्याकडे पुन्हा यायला हवं, कारण त्यांच्या घरची कहाणी या विषयाची दुसरी बाजू दाखवते. १८४३ मध्ये मुंबईत शिकत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाला बापाच्या हवाली केलं. बापाने मुलगा परत मिळवला. पण मिशनऱ्यांच्या घरचं अन्न खाल्लेला मुलगा पुन्हा जातीत कसा घ्यायचा, यावर मुंबईचा ब्राह्मण समाज दुभंगला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

धर्मांतर करणारा म्हणतो, मी सापडलो. घरचे म्हणतात, आमचा मुलगा गेला. दोघांचंही दुःख आणि आनंद खरा असतो. तारणाविषयी लिहिताना घरच्यांचे अश्रू वगळले तर ते लिहिणं अर्धवट होतं. श्रीपतची गोष्ट वाचताना लूकच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवल्याशिवाय राहत नाही. बाप धाकट्याला मिठी मारतो आणि थोरला दाराबाहेर रुसून बसतो, आत पाऊल टाकायला तयार नसतो. थोरल्याने कधी घर सोडलेलं नाही, बापाची आज्ञा मोडलेली नाही, तरी बापाच्या मनापासून तो धाकट्याइतकाच लांब गेला आहे. बाप बाहेर येऊन त्यालाही विनवतो. त्यावर थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही.

घरात राहून हरवलेल्या माणसाचं मराठीतलं सर्वांत प्रामाणिक उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. भाऊ श्रीनिवाससोबत पायी भटकत त्या कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेपुढे मान लववली. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, दोन वर्षांतच पती वारले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. पुण्यात येऊन त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला आणि पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज या गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

का झाला? नीळकंठशास्त्री गोरे यांच्यासारख्या ख्रिस्ती झालेल्या पंडिताच्या लिखाणाचा त्यात वाटा होता. पण रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत एक प्रसंग सांगितला आहे. वाँटेजच्या जोगिणींनी लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवला होता. समाजाने टाकून दिलेल्या त्या बायकांना तिथे प्रेमाने वागवलं जात होतं. हे असं का, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, आता ज्याच्याकडे राहते तोही नवरा नसलेली आणि भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि धर्मातलं सर्वांत मोठं रहस्य तिला सांगतो. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या तिथे अशा बाईला जागा नव्हती, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. त्यावर वाद होऊ शकतो, झालाही. पण त्यांचं मन कुठे हललं हे यावरून स्पष्ट कळतं.

बाप्तिस्म्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चर्चची मतं जशीच्या तशी गिळायला त्या तयार नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून खटके उडत राहिले. पुढे अमेरिकेचा दौरा झाला, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक गाजलं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. जगाच्या नजरेत रमाबाई त्या वेळी यशाच्या शिखरावर होत्या. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्रींचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं होतं. कित्येक वर्षं धर्मोपदेश केल्यावर १८५१ मध्ये एका रविवारी व्यासपीठावर उभं असताना या हॅस्लम यांना आपण स्वतःच तारणाविना आहोत हे उमगलं. पाद्री झालेल्या माणसाचं हे होऊ शकतं, तर आपलं काय, असा रमाबाईंचा प्रश्न होता. त्यानंतर मिळालेल्या शांतीविषयी त्यांनी १९०७ मध्ये इंग्रजीत साक्ष लिहिली.

ही कबुली फार मोलाची आहे. तारण म्हणजे नाव बदलणं, रजिस्टरात नोंद होणं किंवा चर्चच्या बाकावर जागा मिळणं, असा समज बाहेरच्यांचा असतो आणि पुष्कळदा आतल्यांचाही. रमाबाईंनी तो स्वतःच्या आयुष्यावरून खोडून काढला.

पुढे जे घडलं त्यावरून या श्रद्धेचं खरेपण पारखता येतं. १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासाने आईवडील गमावलेल्या त्या बाईला तिथल्या छावण्यांतल्या मुली पाहून घरी बसवेना. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे शेकडो मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या, आणि मुक्ती सदनात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवू लागल्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्या, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा वेगळा विभाग निघाला. दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईची गोष्ट केडगावच्या माळरानावर अशी प्रत्यक्षात आली. हे वाक्य लिहिताना मन भरून येतं आणि ते लपवायचं कारण नाही.

अर्थात रमाबाईंवर टीका झाली आणि ती सगळीच आकसाची नव्हती. शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, हे १८९३ मध्ये बाहेर आल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने आधीपासूनच रान उठवलं होतं. पालकांना वाटणारी भीती समजण्यासारखी होती. जोतीराव फुले मात्र १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते.

नारायण वामन टिळकांची वाट यापेक्षा वेगळी. १८९३ मध्ये राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. कवीचं मन डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. पुढे त्यांनी ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिले, आणि ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. ते त्यांच्या पश्चात पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लक्ष्मीबाईंना पतीच्या बाप्तिस्म्याची बातमी लागली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं वेगळेपणात गेली. पतीकडे आल्यावरही त्यांनी सोवळं पाळलं, मग एकेक गोष्ट स्वतः तपासत ते सोडलं आणि १९०० च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे ज्या मोकळेपणाने लिहिलं आहे, त्याला मराठीत तोड नाही. पतीच्या प्रभावाखाली वाहून जाणारी बाई तिथे दिसत नाही. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, इथपर्यंत त्या आपल्या पायांनी आल्या. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती.

तारण नेमकं कसं मिळतं यावर ख्रिस्ती पंथांत शतकानुशतकं वाद झाले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनीत जे आंदोलन पेटवलं त्याच्या गाभ्याशी हाच प्रश्न होता. प्रोटेस्टंट म्हणाले, केवळ विश्वासाने. कॅथलिक म्हणाले, कृपा पहिली खरी, पण माणसाने तिला साथ द्यायची आणि ती बाप्तिस्मा, पापनिवेदन, मिस्सा या संस्कारांतून वाढत जाते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे, देवाच्या कृपेनेच स्वीकारला जातो आणि सत्कर्मं त्या कृपेची फळं आहेत, हे दोघांनी मान्य केलं. आणि ज्यांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलेलं नाही त्यांचं काय? काही पंथ याचं उत्तर कठोरपणे देतात. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, असं म्हटलं की स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमानापासून दूर राहिलेली, पण मनापासून देवाला शोधणारी आणि सदसद्विवेकाने वागणारी माणसंही तारण पावू शकतात. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत भर असतो तो व्यक्तिगत अनुभवावर. तिथे माणूस उभा राहून साक्ष देतो, दारू कशी सुटली, घर कसं सावरलं, आणि म्हणतो, प्रभूने मला शोधून काढलं.

मराठवाड्यात या सगळ्याला जातीची काळी किनार आहे. बेथेलमध्ये आलेल्या माणसांना एका बापाची लेकरं होण्याचं वचन मिळालं होतं. चर्चच्या आत जात पुरती गेली नाही. लग्न जुळवताना तर ती हटकून वर येते. बाहेर कायद्यानेही हात आखडता घेतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून मिळालेला नाही. ज्याला देवाने शोधलं असं चर्च सांगतं, त्याला चर्चने आणि समाजाने बरोबरीने पंगतीला बसवलं पाहिजे. थोरल्या भावाची ती गोष्ट आज चर्चने आधी स्वतःला वाचून दाखवावी, असं मला ठामपणे वाटतं.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. शेवटची अनेक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक मुळावरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. खेड्यातल्या बाईला ते वाचून कळावं हा त्यांचा हेतू होता. काम पुरं झालं आणि १९२४ मध्ये ते छापून बाहेर आलं. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाची श्रद्धा समजून घ्यावी असं ज्यांना वाटतं, मग ते सिल्लोडचे असोत की आणखी कुठले, त्यांनी लूकचा पंधरावा अध्याय वाचावा. तो अवघ्या बत्तीस वचनांचा आहे. त्याच्या जोडीला ‘स्मृतिचित्रे’ घ्यावं. आणि सोलापूरच्या गाडीने कधी जाणं झालं, तर केडगावला उतरावं. रमाबाईंची मुक्ती मिशन ही संस्था तिथे आजही चालू आहे.